पोंगा वाळण्याआधीचे पंधरा दिवस

उन्हाळा तापला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत उसाची पत्रं वाढतात. या महिन्यात तीन निवडली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातला प्रश्न मला स्वतःला फार जवळचा आहे.

प्रश्न : मावशी, आमचा सव्वा एकर सुरू हंगामाचा ऊस आहे. बेणं को ८६०३२ या जातीचं, लागण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात केली. उगवण चांगली झाली, फुटवेही बरे होते. पाडव्यापासून मधले पोंगे वाळायला लागलेत. दुकानातून औषध आणून दोन फवारण्या केल्या, तरी रोज सकाळी नवे पोंगे वाळलेले दिसतात. सासरे म्हणतात, हा उन्हाळ्याचा रोग आहे, पाऊस पडला की आपोआप जाईल. याचा पतंग असतो असं ऐकलं म्हणून रात्री ओसरीवरच्या दिव्याखाली बघते, पण तसलं काही सापडत नाही. हा पतंग येतो कुठनं आणि पावसाळ्यात जातो कुठं?
(एक शेतकरी भगिनी, ता. वाळवा)

उत्तर : ताई, फवारणीचं नंतर बघू. आधी वाफ्यात जा आणि वाळलेला एक पोंगा, म्हणजे कोंबाच्या मधली गुंडाळलेली कोवळी पानं, चिमटीत धरून वर ओढा. जोर न लावता सळकन हातात आला, खालचं टोक कुजलेलं असलं आणि नाकाला आंबूस घाण वास आला, तर ती खोडकीडच. पाण्याअभावी वाळलेला पोंगा असा सुटून येत नाही आणि त्याला हा वासही येत नाही. मग तोच कोंब जमिनीलगत कापून उभा चिरा. आत मळकट पांढरी अळी दिसेल, डोकं तपकिरी, अंगावर डोक्यापासून शेपटापर्यंत जांभळट रंगाच्या पाच रेघा. त्या पाच रेघा मोजा. एकदा मोजल्यात की पुन्हा कधी कुणाला विचारावं लागणार नाही.

ही अळी ज्याची, तो पतंग तुम्हाला दिसत नाही यात नवल नाही. वाळलेल्या पाचटाचा जो रंग, तोच त्याचा. पंख मिटून बसला की पाचटाचा तुकडाच वाटतो. पंख पसरले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम इंचभर. तोंडापुढे चोचीसारखं टोक आलेलं असतं आणि पुढच्या पंखांच्या कडेला बारीक काळे ठिपके असतात. दिवसभर तो पानाच्या आडोशाला बसतो, उडतो ते अंधार पडल्यावर, आणि तेही उसातल्या उसात. शास्त्रात त्याचं नाव कायलो इन्फस्काटेलस. स्नेलेन नावाच्या डच कीटकशास्त्रज्ञाने १८९० मध्ये त्याची नोंद केली. आपल्याकडे मात्र पतंगाला कुणी नाव दिलंच नाही. नाव आहे ते त्याच्या अळीला, खोडकीड.

मी वीस वर्षं एका साखर कारखान्याच्या जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळेत कामाला होते. त्या वीस वर्षांत शेतकऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. पोंगा वाळलेला दिसतो त्या दिवशी त्या पतंगाची मादी मरून गेलेली असते. तुम्ही जे बघताय ते पंधरा दिवसांपूर्वी घडलेलं आहे. या किडीशी झुंजायचं असेल तर त्या आधीच्या पंधरा दिवसांत वाफ्यात असायला पाहिजे.

मादी पतंग जगते थोडेच दिवस, आठवडाभरही कधी कधी नाही. तेवढ्यात ती तीन-चारशे अंडी घालते. एका जागी घालत नाही, पुंजके पुंजके करून घालते. जागा ठरलेली असते, कोवळ्या उसाच्या पानाची मागची बाजू, मधल्या शिरेला समांतर. पान उलटं करून उन्हाकडे धरा. पांढरट, चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली अंडी तीन ते पाच ओळींत बसवलेली दिसतील. सगळा पुंजका करंगळीच्या नखाएवढासुद्धा नसतो. शाळेतलं भिंग असेल तर घेऊन जा, कारण पुढची गंमत भिंगातूनच दिसते. चार-सहा दिवसांनी अंड्यातून पिल्लू निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक अंड्यात एक काळा ठिपका उमटतो. ते त्या अळीचं डोकं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ते पान खाली ठेवायला तयार नव्हते. एवढंसं अंडं, आणि आतून कुणीतरी बाहेर बघतंय असं वाटतं.

अंड्यातून निघालेल्या अळ्या पानावरून खाली उतरतात. काही जणी तोंडातून रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर शेजारच्या कोंबावर जातात. दोन-तीन दिवस पानाच्या देठाच्या आतल्या बाजूला खरवडून खातात आणि मग जमिनीच्या जरा वर कोंबाला भोक पाडून आत शिरतात. औषध अळीला लागायची संधी आहे ती एवढ्या दोन-तीन दिवसांतच. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, औषध पानावर आणि अळी खोडात. तुमच्या दोन फवारण्या का वाया गेल्या ते इथं आहे. शिवाय सगळ्या माद्या एकाच रात्री अंडी घालत नाहीत. आज फवारलं तर आजच्या उघड्या अळ्या मरतील, परवा निघणाऱ्या नाहीत.

आत गेल्यावर ती मधला गाभा खाते, म्हणून मधला पोंगा वाळतो आणि बाजूची पानं हिरवी राहतात. आपण त्याला पोंगामर म्हणतो. एका कोंबावर तिचं भागतंच असं नाही, जवळच्या दुसऱ्या कोंबातही ती जाते. तीन-चार आठवडे अशी वाढते. कोषात जायच्या आधी मात्र ती एक शहाणपणाचं काम करते. कोंबाच्या सालीला बाहेर पडायचं भोक आधीच करून ठेवते आणि त्यावर रेशमाचा पातळ पडदा ओढते. कारण पतंगाला कुरतडायला दात नसतात, वाट अळीनेच करून ठेवावी लागते. सहा-आठ दिवसांनी पडदा फाडून पतंग बाहेर येतो. अंड्यापासून पतंगापर्यंत सगळा फेरा पाच-सहा आठवड्यांचा. उन्हाळ्याच्या तापात तो आटोपशीर होतो, थंडीत लांबतो. वर्षात पाच-सहा पिढ्या सहज होतात.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. मार्च ते मे हाच या पतंगाचा भराचा काळ. उष्ण कोरडी हवा, कोवळा ऊस आणि तापलेली जमीन त्याला मानवते. मृगाचा पाऊस लागला की कीड कमी होते हे खरं, पण ती पावसाच्या भीतीनं पळून जात नाही. तोवर तुमच्या उसाला कांड्या धरलेल्या असतात, खोड टणक झालेलं असतं, कोवळ्या अळीला आत शिरणं जमत नाही. दमट हवेत तिचे शत्रूही वाढतात. म्हणजे जानेवारीच्या लागणीचा ऊस जूनमध्ये वयानेच तिच्या तावडीतून सुटतो.

मग पतंग जातो कुठं? कुठंच जात नाही ताई. उत्तरेकडे कडक थंडीत याची अळी खोडात झोपून राहते, तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही. आपल्या भागात तो बारा महिने असतो, फक्त थोडा असतो. वाळवा, पलूस, कऱ्हाडकडचं कुठलंही शिवार डोळ्यांपुढे आणा. जुलै-ऑगस्टात आडसाली लागते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू, आणि कारखान्याची तोड होईल तसतसा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारा ऊस, फुटत राहतो. वर्षातला एकही महिना असा नाही की शिवारात कुठं ना कुठं कोवळा कोंब नाही. अधेमधे त्याला ज्वारी, मका आणि बांधावरची काही गवतंही चालतात. हा मुळात गवतावरचाच पतंग, आणि ऊस म्हणजे तरी काय, गवतच. त्याचं पंचांग आपण लागणीच्या तारखांनी लिहून दिलं आहे. तुमच्या वाफ्यात आलेला पतंग बहुतेक शेजारच्या खोडव्यातून आला असणार. त्यात शेजाऱ्याचा दोष नाही. तुमचाही ऊस उद्या कुणाला तरी पतंग देणारच आहे.

आता करायचं काय. आडवंतिडवं चालत पाच ठिकाणी वीस-वीस कोंब मोजा. शंभरात वाळलेले पंधराच्या आसपास असतील तर मामला हाताबाहेर चालला आहे. मग कृषी सहायकाला वाफ्यात उभं करून, त्याच्या सल्ल्यानं सरीत द्यायचं औषध द्या, एकट्या दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. पंधराच्या खाली असतील तर घाबरू नका. या वयात गेलेल्या कोंबाच्या बदली ऊस नवीन फुटवा देतो. वाळलेले कोंब जमिनीलगत कापा, बांधावर टाकू नका, जनावराला घाला किंवा खड्ड्यात पुरा. नुसता पोंगा उपसून टाकला तर अळी खालीच राहते. आमच्याकडे जुनी माणसं पोंगा ओढल्यावर त्या भोकात सायकलच्या चाकाची तार घालून फिरवायची. वेळखाऊ काम, पण सव्वा एकराला जमण्यासारखं आहे.

बाळबांधणी, म्हणजे कोंबांना मातीची पहिली हलकी भर, झाली नसेल तर या आठवड्यात करा. कोंबाच्या बुडाला तीन-चार बोटं माती लागली की अळीची शिरायची जागा झाकली जाते आणि आतल्या पतंगाची बाहेर पडायची खिडकीही बुजते. पाण्याची पाळी लांबवू नका, जमीन भेगाळू देऊ नका. सरीत पाचट असेल तर फार चांगलं, त्याबद्दल खाली दुसऱ्या पत्रातल्या आबांच्या उत्तरात लिहिते.

आणि ट्रायकोकार्ड. याच्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहू द्या. ट्रायकोग्रामा चिलोनिस नावाची एक गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी आहे, पण आकाराने मिलिमीटरलाही कमी. सुईच्या टोकावर बसेल एवढी. ती पतंगाचं अंडं शोधते आणि आपलं अंडं त्याच्या आत घालते. तिचं पिल्लू पतंगाचं अंडं आतून खाऊन टाकतं. तीन-चार दिवसांत पांढरं अंडं काळं पडतं आणि आठवड्या-दहा दिवसांत त्यातून अळीऐवजी माशी निघते. ती पुढच्या अंड्याच्या शोधात. अळी कोंबापर्यंत पोचतच नाही.

या माश्या वाढवायला आम्ही दुसराच एक पतंग सांभाळायचो, तांदळातला पतंग. लाकडी पेट्यांत ज्वारीचा भरडा, त्यात थोडं शेंगदाण्याचं कूट, आणि वर त्याची अंडी पेरायची. चाळीसेक दिवसांनी पेटीच्या झाकणाला आतून शेकडो करडे पतंग चिकटलेले असायचे. ते काचेच्या नळीनं ओढून घ्यायचे. त्यांच्या पंखांची पूड हवेत एवढी उडायची की तोंडाला फडकं बांधल्याशिवाय खोलीत पाय ठेवता यायचा नाही. मला त्या पुडीनं दम्यासारखा खोकला लागला, तो अजून हिवाळ्यात उठतो. तरीही ते काम मी आनंदानं केलं. त्यांची अंडी चाळून, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डिंक लावून त्यावर पसरायची. एका कार्डावर वीस हजाराच्या घरात अंडी बसतात. मग त्यांवर माश्या सोडायच्या. अंडी काळी झाली की कार्ड शीतपेटीत, आणि तिथून शेतकऱ्याकडे.

माझ्या भावाच्या उसात एका उन्हाळ्यात पोंगामर सुरू झाली. मी रजेवर होते, म्हणून त्यानं कार्डं दुसऱ्या एका ठिकाणाहून मागवली. ती आठ दिवस कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिली. भावानं मोठ्या विश्वासानं बांधली आणि काहीच फरक पडला नाही. मी नंतर जाऊन भिंगातून बघितलं तर प्रत्येक काळ्या अंड्याला गोल भोक. माश्या पाकिटातच निघून पाकिटातच मेल्या होत्या. रिकाम्या कवचांचे कागद त्यानं उसाला टाचले होते. त्याचे दीड महिन्याचे कष्ट आणि भरवसा दोन्ही गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, कार्ड घेताना उजेडात धरा. अंडी काळी आणि अखंड पाहिजेत. भोकं दिसली तर परत द्या.

तुम्ही एकराला साधारण दोन कार्डं धरा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानाच्या मागच्या बाजूला टाचा, सगळ्या शिवारभर विखरून. मुंग्या असतील त्या सरीत टाचू नका, त्या अंडी फस्त करतात. कार्ड लावल्यावर फवारणी करायची नाही. विषानं पतंग मरो न मरो, ही माशी आधी मरते. तुम्ही नुकतीच फवारणी केली आहे म्हणून निदान दहा दिवस थांबा, मग पहिली कार्डं लावा. कामगंध सापळेही मिळतात. त्यातल्या गंधाला नर पतंग भुलून येतात. त्यांतून कीड किती आहे ते कळतं, आणि दिव्याखाली न सापडलेला तुमचा पतंगही तुम्हाला तिथंच बघायला मिळेल.

प्रश्न : खोडव्याचं पाचट आम्ही जन्मभर जाळत आलो. जाळल्यानं कीड मरते असं आम्हाला वडिलांनी शिकवलं. आता मुलगा जाळू देत नाही, सरीत पसरतो. घरात रोज वाद. तुम्हीच निकाल द्या.
(एक ज्येष्ठ शेतकरी, ता. कऱ्हाड)

उत्तर : आबा, मुलाच्या बाजूनं निकाल देते, राग मानू नका. तुमच्या वडिलांच्या काळी जे त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण जाळून मरतात त्यात आपले सोबतीच जास्त असतात. कोळी, मुंग्या, भुंगेरे, सगळे पाचटाखाली राहतात आणि तेच अंडी-अळ्या खातात. जाळलेल्या रानातली जमीन उघडी पडून उन्हानं तापते आणि खोडकिडीला तापलेली जमीन हवीच असते. पाचट पसरलं की बुडाशी गारवा राहतो, ओल टिकते, कोंब झाकले जातात. खोडव्यात पोंगामर कमी होते ती यामुळे. फक्त एक करा, तोड झाल्या झाल्या बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटून घ्या आणि पाचट बुडख्यावरून बाजूला सरीत ओढा, नाहीतर फूट पिवळी निघते. जमलं तर एक सरी तुमच्या पद्धतीनं ठेवा आणि मेमध्ये दोघं मिळून पोंगे मोजा.

प्रश्न : सोबत पाकिटात एक पतंग पाठवत आहे. रात्री अभ्यास करताना वहीवर येऊन बसला. आमचं शेत उसाचं आहे. हा खोडकिडीचा पतंग आहे का?
(इयत्ता नववीतला विद्यार्थी, ता. फलटण)

उत्तर : बाळा, टपालात त्याचे पंख चुरगळले, पाकिटात पांढरी पूड सांडली, पण ओळख पटण्यापुरता तो शिल्लक राहिला होता. हा खोडकिडीचा नाही. याचे पंख स्वच्छ पांढरे आहेत आणि शेपटाला नारिंगी केसांचा झुबका आहे. ही शेंडेकिडीची मादी. तो झुबका उगाच नसतो. अंडी घालून झाली की त्यातलेच केस ती अंड्यांवर पांघरते, म्हणून तिचा पुंजका बदामी लोकरीच्या ठिपक्यासारखा दिसतो. खोडकिडीची अंडी उघडी असतात. पान उलटवल्यावर दोघींतला फरक लगेच कळेल.

तू फलटण तालुक्यातला. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे, १९३२ सालापासून. को ८६०३२ ही जात तिथूनच १९९६ मध्ये ‘नीरा’ नावानं महाराष्ट्रभर गेली. शिक्षकांना सांगून एकदा वर्गाची भेट ठरवा. आणि पुढचा पतंग पाठवताना पाकिटात नको, रिकाम्या काडेपेटीत कापूस घालून पाठव. बाहेर तारीख, ऊस किती महिन्यांचा आणि त्या दिवशी पाऊस होता का, एवढं लिही. पाठवण्याआधी शेतातली दहा पानं उलटी करून बघ आणि किती पानांवर अंडी सापडली तेही कळव.